परवान्यावाचून मुलाखती घ्याव्यात का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: फोंडा तालुक्यातील एक वाचक भगिनी इतिहास विषयात पीएच.डी. करीत असून त्यांचे हे तिसरे वर्ष आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यातून पूर्व आफ्रिकेत गेलेल्या कारकुनांच्या आणि शिंप्यांच्या कुटुंबांवर त्यांचे संशोधन आहे, आणि त्यासाठी नैरोबी व मोम्बासा येथे जाऊन वृद्ध व्यक्तींच्या मुलाखती घेण्याचा त्यांचा बेत आहे. विभाग म्हणतो की आधी तिकडचा परवाना आणा. तिकडचे विद्यापीठ म्हणते की आधी तुमच्या विद्यापीठाचे पत्र आणि नैतिकता समितीची मंजुरी पाठवा. प्रवासखर्च देऊ करणारी संस्था दोन्ही कागद हातात आल्याशिवाय रक्कम मोकळी करीत नाही. त्यातच पदवी प्रमाणपत्रावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले की पर्यटक म्हणून जावे, गप्पा माराव्यात, ध्वनिमुद्रण करावे आणि परत यावे. सगळे तसेच करतात. ‘ती आपलीच माणसे आहेत, आपल्याच भाषेत बोलणार आहेत, त्याला सरकारी परवानगी कशाला हवी?’ असे त्या विचारतात. मुलाखत द्यायला तयार असलेल्या दोन वृद्ध व्यक्ती गेल्या वर्षभरात वारल्या. तसेच जावे, थांबावे की विषयच बदलावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी सर्वांत अधिक वेळ थांबलो, ते परवान्याविषयीचे नाही. दोन वृद्ध माणसे बोलायची राहून गेली, हे ते वाक्य. मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्याचे याहून मोठे नुकसान नाही, आणि ते भरून काढण्याचा कोणताही मार्ग नाही. म्हणून तुमची घाई रास्त आहे, हे आधीच मान्य करतो. पुढे जो सल्ला देणार आहे त्यात थांबायला सांगितले आहे असे काही ठिकाणी वाटेल, पण ते त्या घाईला कमी लेखून सांगितलेले नाही.

पर्यटक म्हणून जाऊन मुलाखती घेऊ नका. केनियात 2013 च्या विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम कायद्याखाली संशोधनासाठी नॅकोस्टी या राष्ट्रीय आयोगाचा परवाना घ्यावा लागतो आणि परवान्याविना संशोधन करणे हा गुन्हा ठरतो. जानेवारी 2024 पासून त्या देशाने व्हिसाची पद्धत बंद करून ऑनलाइन प्रवास-अनुमती सुरू केली, त्यामुळे देशात प्रवेश करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. पण प्रवेशाची अनुमती ही संशोधनाची अनुमती नव्हे. तुमच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यात हेच दोन कागद एकमेकांत मिसळले आहेत. ‘सगळे तसेच करतात’ हे कदाचित काही प्रमाणात खरे असेल, पण तसे करणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ध्वनिमुद्रण पुढे प्रबंधात उघडपणे वापरता आले, हे त्यांना विचारून पाहा. आज चांगली नियतकालिके लेख स्वीकारताना नैतिकता मंजुरीचा आणि परवान्याचा क्रमांक मागतात. प्रबंधाचे बहिस्थ परीक्षकही तो विचारू शकतात. ज्या आवाजांसाठी तुम्ही इतकी धडपड करीत आहात, ते आवाज कपाटात बंद ठेवावे लागणे हे त्या माणसांवरही अन्याय करणारे आहे.

आणि ही माणसे कोण, याचा थोडा अधिक विचार करू या, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथे दिसतो. ‘आपलीच माणसे’ असे तुम्ही लिहिता. त्यामागची माया मला समजते. गोव्यात असे घर शोधावे लागते, ज्यातले कोणी बोटीने बाहेर गेले नाही. परंतु नैरोबीत राहणारे ऐंशी वर्षांचे गृहस्थ आज केनियाचे नागरिक आहेत आणि तिथपर्यंत ते सहज पोहोचलेले नाहीत. त्यांचे वडील पोर्तुगीज प्रजाजन म्हणून ब्रिटिश वसाहतीत नोकरीला गेले. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्या प्रजाजनत्वाचा अर्थच बदलला. डिसेंबर 1963 मध्ये केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा अशा कुटुंबांना नागरिकत्वासाठी नोंदणी करण्याची दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि त्या दोन वर्षांत घराघरांत वाद झाले असतील: राहायचे की जायचे, कोणता पासपोर्ट घ्यायचा, मुलांचा कोणता. 1967 मध्ये तिथे परदेशी नागरिकांच्या नोकऱ्यांवर आणि व्यापारावर निर्बंध घालणारे कायदे आले. 1968 मध्ये ब्रिटनने आपले दार अरुंद केले. 1972 मध्ये शेजारच्या युगांडातून इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. तुम्ही ज्यांच्याशी बोलणार आहात त्यांच्या आयुष्याची दिशा कागदांनी ठरवली आहे. अशा माणसाच्या दिवाणखान्यात बसून तुम्ही नागरिकत्व, मालमत्ता, स्थलांतर यांविषयी विचारणार, यंत्र चालू करणार, आणि तुमच्याजवळ स्वतःचाच कागद नसणार. उद्या कोणी विचारणा केली तर तुम्ही विमानात बसून परत आलेल्या असाल. उत्तर द्यायला मागे ते राहतील.

परवान्याच्या अर्जात जे विचारतात ते एरवीही तुम्हाला स्वतःला विचारावे लागले असते. कोणाशी बोलणार, संमती कशी घेणार, ध्वनिमुद्रण कोठे ठेवणार, ते देशाबाहेर कसे नेणार, तिथल्या लोकांना त्यातून काय मिळणार. केनियात 2019 पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि अशी माहिती देशाबाहेर नेण्याला त्यात अटी आहेत; आपल्याकडेही 2023 मध्ये तसा कायदा झाला. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण म्हणजे व्यक्तिगत माहितीच. हे प्रश्न निव्वळ छळवाद म्हणून न पाहता प्रबंधाच्या पद्धतीविषयक प्रकरणाचा पहिला मसुदा म्हणून लिहून काढा. ते लेखन वाया जात नाही.

आपल्या देशाचा नियमही याहून सैल नाही. परदेशी संशोधकाला भारतात अभ्यासासाठी वेगळा संशोधन व्हिसा लागतो. भारतीय मूळ असलेल्या, परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे (ओसीआय) कार्ड बाळगणाऱ्या व्यक्तीलासुद्धा 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार संशोधनासाठी खास परवानगी घ्यावी लागते. म्हणजे लिस्बनमध्ये वाढलेली एखादी गोमंतकीय मुलगी आजोळच्या गावी येऊन धालोच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, मांडावर अभ्यासासाठी ध्वनिमुद्रण करू म्हणाली, तर तिलाही ‘ही माझीच माणसे’ एवढे सांगून भागणार नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक सूर आहे: युरोप-अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना हे सारे सहज मिळते, अडवणूक फक्त आपली होते. नियम त्यांनाही तोच आहे. मात्र त्यांच्या मागे बहुधा परदेशी संबंध सांभाळणारे कार्यालय असते, तिकडच्या विद्यापीठाशी आधीच झालेला करार असतो, आणि शुल्क भरायला निधी असतो. तुम्हाला टपाल, शुल्क, नोटरी, साक्षांकन हे सगळे विद्यावेतनातून भागवावे लागते, आणि परदेशी अर्जदारांचे शुल्क स्थानिकांपेक्षा जास्त असते. ही विषमता खरी आहे आणि तिच्याविषयी तुम्हाला राग येणे योग्य आहे. विद्यापीठांनी क्षेत्रकार्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक माणूस आणि एक टेबल नेमून दिले, तर ताळगावच्या पठारावरच्या, म्हणजे गोवा विद्यापीठातल्या, कितीतरी विद्यार्थ्यांचे महिने वाचतील, असे मला मनापासून वाटते. तुम्ही संशोधन समितीला जे पत्र लिहाल त्यात ही मागणी जरूर नोंदवा. पुढच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग होईल.

आता त्या चक्राकडे येतो, ज्यात प्रत्येकजण दुसऱ्याचा कागद आधी मागतो. हे चक्र सशर्त पत्रांनी तुटते. तुम्ही विभागाकडे ‘परवानगी’ मागितली असेल, आणि परवानगी म्हटली की सही करणारा माणूस जबाबदारीच्या धास्तीने हात आखडता घेतो. त्याऐवजी एवढेच लिहून मागा: अमुक विद्यार्थिनी आमच्याकडे अमुक क्रमांकाने नोंदलेली आहे, तिचा विषय अमुक आहे, यजमान देशाचा संशोधन परवाना आणि दोन्हीकडच्या नैतिकता समित्यांची मंजुरी मिळण्याच्या अधीन राहून तिच्या क्षेत्रकार्याला विभागाची हरकत नाही. या मजकुरात विभाग कशालाही बांधील होत नाही, म्हणून सही सहसा मिळते. मसुदा तुम्हीच इंग्रजीत टंकून मार्गदर्शकांपुढे ठेवा. कामात बुडालेल्या माणसाला लिहून द्या म्हणण्यापेक्षा वाचून सही करा म्हणणे केव्हाही बरे. पत्र विद्यापीठाच्या नाममुद्रित कागदावर हवे, त्यावर जावक क्रमांक, तारीख, सही आणि गोल शिक्का हवा. शिक्क्याला तिकडच्या कार्यालयात फार किंमत असते.

त्या पत्राच्या जोरावर यजमान विद्यापीठाकडे सशर्त संलग्नतेचे पत्र मागा, आणि ही दोन्ही पत्रे जोडून खर्च देणाऱ्या संस्थेला लिहा की रक्कम परवाना आल्यावरच द्या, पण ती मंजूर असल्याचे आज कळवा, कारण परवान्यासाठी खर्चाची तरतूद दाखवावी लागते. तिघांच्याही हातात एकमेकांचे अर्धे आश्वासन आले की पुढची हालचाल सुरू होते. हे सर्व ईमेलवर असू द्या. फोनवर मिळालेल्या होकाराची नोंदही त्याच दिवशी, ‘आज बोलणे झाल्याप्रमाणे’ असे लिहून ईमेलने पाठवा.

संलग्नता ही यातली सर्वांत कठीण पायरी आहे, कारण ती नियमाने मिळत नाही, माणसाने मिळते. केनियात परदेशी संशोधकाला स्थानिक संस्थेशी जोडून घ्यावे लागते आणि मान्यताप्राप्त स्थानिक समितीकडून नैतिकता मंजुरीही घ्यावी लागते. विभागप्रमुखांच्या नावे पाठवलेले सर्वसाधारण पत्र बहुधा अनुत्तरित राहते. तुमच्या विषयाच्या जवळपास काम केलेल्या एका प्राध्यापकाचे लेखन आधी वाचा, आणि त्याविषयी दोन नेमकी वाक्ये लिहून मग विनंती करा. देण्यासारखे काही तुमच्याजवळ आहे, तेही सांगा. गोव्याच्या पुराभिलेखातील पोर्तुगीज कागद तिकडच्या अभ्यासकाला दुर्मीळ आहेत. त्या साधनांविषयी एक व्याख्यान देईन, मुलाखतींची एक प्रत मुलाखत देणाऱ्यांच्या संमतीने तुमच्या ग्रंथालयात ठेवीन, असे लिहिले तर ते मागणे न राहता देवघेव होते. परवाना मिळाल्यावर ज्या कौंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, काम करायचे तिच्या प्रशासनाला कळवावे लागते आणि शेवटी अहवालाची प्रत आयोगाला द्यावी लागते, हेही आताच वेळापत्रकात धरा. पुढे तुमचा विषय झांझिबारकडे वळला, तर तांझानियाच्या मुख्य भूमीचा, कॉस्टेक या तिथल्या विज्ञान आयोगाचा परवाना तिथे चालत नाही, झांझिबारचा वेगळा घ्यावा लागतो.

आडनावाच्या स्पेलिंगचा गुंता गोव्यात घरोघरी आहे. जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाने लिहिल्या गेल्या, शाळेत इंग्रजी वळण आले, आणि एकाच घरात एकजण ‘सी’ने गावकर झाला तर दुसरा ‘के’ने. त्यासाठी आता 1990 च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करण्याच्या मागे लागू नका, असे मी सुचवीन. नाव कायमचे बदलायचेच असेल तर गोष्ट वेगळी. केवळ स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि त्याच अर्थाचे विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयाचे पत्र, एवढ्याने बहुतेक ठिकाणी काम होते. येथून पुढे मात्र प्रत्येक अर्जात, ईमेलच्या सहीतसुद्धा, पासपोर्टवरचेच स्पेलिंग वापरा. पदवीचे साक्षांकन मागितले, तर तो देश कागदपत्रांच्या साक्षांकनाविषयीच्या हेग करारात आहे का हे आधी पाहा. भारत 2005 पासून त्या करारात आहे आणि पोर्तुगालही आहे, म्हणून लिस्बनला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे काम अपोस्टिलवर, म्हणजे करारातल्या देशांत चालणाऱ्या एकाच साक्षांकनावर, भागते; करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाची वेगळी पायरी चढावी लागते.

पिवळ्या तापाची लस विसरू नका. तिचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो, आणि तो नसेल तर केनियाहून भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात ती मिळते. वार आणि वेळ आधी विचारून जा.

नैरोबीला गेल्याशिवाय प्रबंध होणारच नाही, हे जे तुम्ही गृहीत धरले आहे, त्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. तुमचा विषय कुटुंबांचा आहे, आणि ती कुटुंबे एका शहरात बसलेली नाहीत. कोणी 1968 च्या आधी ब्रिटनला गेले, कोणी कॅनडाला, आणि बरेचजण निवृत्त होऊन परत आले. बार्देशातल्या आणि साष्टीतल्या गावांत आफ्रिकेत नोकरी केलेली वृद्ध माणसे आजही आहेत. त्यांच्या पेट्यांत बोटीची तिकिटे, क्लबांची वार्षिके, पगाराची पुस्तके असतात. त्यांच्यापर्यंत जायला कदंबाची बस पुरते. या मुलाखतींना केनियाचा परवाना लागत नाही, तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी मात्र लागते, आणि ती तुम्हाला केनियासाठीही हवीच आहे. म्हणून सगळ्यांत आधी तोच अर्ज करा आणि त्यात गोवा हे पहिले क्षेत्र आणि केनिया हे दुसरे असे स्पष्ट लिहा. पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र, पणजीचे पुराभिलेख खाते आणि पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयातली जुनी वृत्तपत्रे यांतून नावे आणि तारखा आधी जमवल्यात, तर नैरोबीतल्या प्रश्नांनाही धार येईल. गावातल्या मुलाखती देणाऱ्यांचे भाऊबंद तिकडे असतात. त्यांच्या शब्दावर उघडणारे दार अनोळखी विद्यार्थिनीला उघडत नाही. मला तर वाटते, केनियाची मुदत लांबली यामुळे तुमच्या प्रबंधाला योग्य क्रम मिळण्याची शक्यता आहे.

तिकडच्या अतिवृद्धांसाठी दूरस्थ मुलाखतीचाही विचार करा. घरातले नातवंड शेजारी बसले, तर व्हिडिओवरून तासभर चांगले बोलणे होते. ही नियमातून काढलेली पळवाट मात्र ठरू नये. असे ध्वनिमुद्रण परवान्याच्या कक्षेत येते का, हे यजमान प्राध्यापकांना लेखी विचारा, आणि नैतिकता समितीच्या अर्जात त्याचा उल्लेख करा. तोवर फोनवर ख्यालीखुशाली विचारायला, पत्र लिहायला कोणाची हरकत नाही. त्या माणसांना तुमची ओळख राहील, आणि तुम्ही वाट पाहत आहात, हे त्यांना कळेल.

वेळेविषयी एक दिलासा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएच.डी.साठी सहा वर्षांची मुदत आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि स्त्री संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे. तिसऱ्या वर्षी विषय बदलणे हा खरा उशीर ठरेल. विद्यावेतनाची मुदत मात्र याहून लहान असते. परदेशातील महिन्यांचे विद्यावेतन चालू राहील का, हे जाण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. जे वाचक शासकीय महाविद्यालयात नोकरी करून संशोधन करतात, त्यांना परदेशगमनाची पूर्वपरवानगी आणि रजा वेगळी मंजूर करून घ्यावी लागते, आणि तो अर्ज बाकी सगळ्याच्या आधी द्यायला हवा. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा मार्ग याहूनही लांब आहे: जैविक संसाधनांच्या वापराविषयीच्या, 2014 पासून अमलात असलेल्या नागोया करारामुळे नमुना गोळा करण्याला आणि बाहेर नेण्याला यजमान देशाची संमती लागते, आणि वनस्पतींचा नमुना इथे आणताना 2003 च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाचा परवाना. त्यांनी नमुने तिथल्याच प्रयोगशाळेत तपासता येतील का, हे आधी पाहावे.

परवाना येण्याआधी नैरोबीला एकदा जाऊन यावे असे वाटलेच, तर यजमान प्राध्यापकांना भेटण्यापुरते जा, आणि एवढ्यालाही हरकत नाही ना, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या भेटीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र काढू नका. कोणी आपणहून आठवणी सांगू लागले, तर ऐका, आणि परवाना घेऊन पुन्हा येईन असे सांगा.

या आठवड्यात दोनच कामे करा. नैतिकता समितीच्या बैठकीची तारीख विचारून अर्ज दाखल करा, आणि सशर्त पत्राचा मसुदा मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवा. समितीची मंजुरी हातात येताच बार्देशातल्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीकडे पहिली मुलाखत घ्यायला जा.